कपातीची बातमी आणि भरतीचा विसर

नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार माणसे कमी केली. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने १० हजारांची आणि गूगलची मालक कंपनी अल्फाबेटने १२ हजारांची कपात जाहीर केली. ॲमेझॉनचा आकडा त्या मार्चपर्यंत २७ हजारांवर गेला. तेव्हा सुरू झालेला वाद अजूनही दोनच आरोळ्यांत अडकून पडला आहे. एक आरोळी म्हणते, हा उद्योग आटोपला, आता यंत्रे माणसांच्या नोकऱ्या गिळणार. दुसरी म्हणते, विशेष काही घडलेले नाही, कोरोनाकाळात फुगलेली भरती ठिकाणावर आली इतकेच. पहिलीला हिशेब करायचाच नसतो. दुसरी हिशेब करते, पण सोयीची ओळ आली की पेन खाली ठेवते. २०२२-२३ची कपात समजून घ्यायची तर २०२० ते २०२२ची भरती शेजारी मांडावीच लागते, त्याशिवाय त्या आकड्यांना अर्थ नाही. मात्र जादा भरतीचे कारण पुढे केले म्हणून कंपन्या जबाबदारीतून सुटत नाहीत. शिवाय या कारणाला मुदत आहे, आणि २०२५च्या कपाती येण्याआधीच ती संपली होती.

आधी हिशेब. २०१९च्या अखेरीस मेटात (तेव्हाची फेसबुक) ४४,९४२ कर्मचारी होते, सप्टेंबर २०२२च्या अखेरीस ८७,३१४. पावणेतीन वर्षांत ९४ टक्के वाढ. पहिल्या कपातीनंतर मार्च २०२३ मध्ये आणखी १० हजार जणांना काढणार असल्याचे जाहीर झाले आणि २०२३ संपताना संख्या ६७,३१७ वर आली. एवढे करूनही कंपनी कोरोनापूर्व आकाराच्या दीडपट होती. अल्फाबेटचे आकडे याहून बोलके आहेत: २०१९ अखेर १,१८,८९९ आणि २०२२ अखेर १,९०,२३४, त्यातले जवळपास ३४ हजार एकट्या २०२२ मध्ये वाढलेले. यातून १२ हजार वजा केले की उरतात १,७८,२३४. जून २०२२च्या अखेरीस कंपनीत १,७४,०१४ माणसे होती. म्हणजे जगभर मथळे झालेल्या त्या कपातीने मागच्या सहा महिन्यांची वाढसुद्धा पुरती पुसली नाही. मायक्रोसॉफ्टने जून २०२१ ते जून २०२२ या एका वर्षात, न्यूआन्ससारख्या विकत घेतलेल्या कंपन्यांची माणसे धरून, ४० हजार कर्मचारी वाढवले होते.

उलट बाजूला ॲपल. सप्टेंबर २०१९ मध्ये १,३७,०००, सप्टेंबर २०२२ मध्ये १,६४,०००, म्हणजे तीन वर्षांत सुमारे २० टक्के वाढ. त्या लाटेत ॲपलने मोठी कपात केली नाही. ॲपलच्या संख्येत दुकानांतले कर्मचारीही येतात, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरीही जिने कमी फुगवले तिला कमी कापावे लागले, हा संबंध योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

आकडे वाचताना एक मेख लक्षात ठेवावी लागते. कंपनीने कपात जाहीर केली त्याच तिमाहीत संख्या घटलेली दिसेल असे नाही, कारण नोटिशीच्या काळात माणूस पगारपत्रकावर असतो. मेटाने डिसेंबर २०२२ अखेरची संख्या ८६,४८२ दिली आणि नोव्हेंबरमध्ये काढलेल्यांपैकी बहुतेक जण तीत अजून धरलेले आहेत असा खुलासा सोबत केला. अल्फाबेटची मार्च २०२३ची संख्या तर जाहीर कपातीनंतरही १,९०,७११ होती, खुलासा तोच. ‘बघा, काढले म्हणतात आणि माणसे वाढलीच’ असे तावातावाने लिहिणाऱ्यांनी ही तळटीप वाचलेली नसते.

मग एवढी माणसे घेतलीच कशाला? मूर्खपणा हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. अमेरिकेच्या किरकोळ विक्रीत ऑनलाइन खरेदीचा वाटा २०१९ अखेर ११ टक्क्यांच्या आसपास होता. २०२० च्या दुसऱ्या तिमाहीत तो एकदम १६ टक्क्यांवर गेला. दरवर्षी टक्का-दीड टक्का वाढणारा आकडा तीन महिन्यांत चार-पाच वर्षे पुढे सरकला, तर तो तिथेच राहील असे मानायचे की मागे येईल असे? ऑनलाइन दुकान चालवण्याचे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या शॉपिफायचे प्रमुख टोबी लुटके यांनी तो तिथेच राहील यावर पैज लावली आणि जुलै २०२२ मध्ये १० टक्के माणसे कमी करताना पैज हरल्याचे लेखी कबूल केले. मार्क झुकरबर्ग यांनीही तेच कबूल केले. झूमने दोन वर्षांत कर्मचारी तिप्पट केले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये १५ टक्के, सुमारे १,३०० जण, काढले. वाढ ओसरली आणि ऑनलाइन खरेदीचा वाटा पुन्हा जुन्या चढणीच्या रेषेजवळ आला. भरती मात्र नव्या रेषेप्रमाणे झालेली होती.

दुसरे कारण व्याजाचे. मार्च २०२२ पर्यंत अमेरिकी मध्यवर्ती बँकेचा दर शून्याला टेकलेला होता, जुलै २०२३ मध्ये तो ५.२५ ते ५.५० टक्के झाला. दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० डॉलरची आजची किंमत १ टक्का दराने सुमारे ९०.५ डॉलर होते, ५ टक्के दराने ६१.४. प्रकल्प तोच, चमूही तोच, पण कागदावरची किंमत जवळजवळ एक तृतीयांशाने खाली. म्हणूनच कुऱ्हाड आधी दूरच्या आशेवर चाललेल्या विभागांवर पडली. ॲमेझॉनमध्ये अलेक्सा आणि उपकरणांचा विभाग, गूगलमध्ये नवे प्रयोग करणारा ‘एरिया १२०’. भरती करणारे रिक्रूटरही सर्वांत आधी गेले, आणि त्यात नवल नाही. किती रिक्रूटर लागतात हे कंपनीच्या आकारावर ठरत नाही, भरतीच्या वेगावर ठरते. वेग शून्य झाला की ते काम त्याच दिवशी संपते.

तिसरे कारण क्वचितच कुणी सांगतो, आणि घोडे तिथेच पेंड खाते. मोठी कंपनी भरतीचा आराखडा करते तेव्हा गळती गृहीत धरते. दहा हजारांच्या कंपनीत वर्षाला १५ टक्के लोक आपणहून नोकरी सोडतात असे धरा. भरती थांबवली तर वर्षअखेर ८,५०० उरतात, कुणाला काढावे लागत नाही. पण सगळ्याच कंपन्यांनी एकाच वेळी भरती थांबवली तर माणूस सोडून जाणार कुठे? गळती ५ टक्क्यांवर येते, ९,५०० उरतात, आणि ८,५०० धरून केलेल्या अंदाजपत्रकात एक हजारांचे भगदाड पडते. हे हजार लोक कुणी जादा भरले नव्हते. ते गेले नाहीत, एवढेच. २०२२च्या उत्तरार्धात गोठलेल्या बाजारात ही अडचण सगळ्यांना एकदमच आली.

गळती चालू असली की काय होते याचा पुरावा ॲमेझॉनच्याच गोदामांत आहे. २०१९ अखेर ७,९८,००० कर्मचारी असलेली ही कंपनी दोन वर्षांत १६ लाखांवर गेली. एप्रिल २०२२ मध्ये तिच्या वित्तप्रमुखांनी सांगितले की माणसे कमी पडत होती ती आता जास्त झाली आहेत, आणि त्यातून घटलेल्या उत्पादकतेचा त्या तिमाहीतला खर्च सुमारे २ अब्ज डॉलर आहे. पुढच्या एका तिमाहीत कर्मचारीसंख्या १६,२२,००० वरून १५,२३,००० वर आली, मुख्यतः गेलेल्यांच्या जागी कुणाला न घेतल्यामुळे. जवळपास एक लाख माणसे कमी झाली आणि फारसा गाजावाजा झाला नाही. नंतर खुर्चीवरच्या २७ हजारांची जगभर बातमी झाली. (गोदामातल्या माणसाची नोकरी कुणाला बातमी का वाटत नाही, हा प्रश्न या सगळ्या चर्चेत कुणीच विचारला नाही.)

आता विरुद्ध बाजूचे सर्वांत वजनदार मुद्दे. पहिला पैशाचा: या कंपन्या अडचणीत नव्हत्या. कपातीच्या दुसऱ्या घोषणेच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, मेटाने ४० अब्ज डॉलरच्या शेअर-पुनर्खरेदीला, म्हणजे आपलेच शेअर परत विकत घ्यायला, मंजुरी दिली. अल्फाबेटने एप्रिल २०२३ मध्ये ७० अब्जांना. अल्फाबेटच्या एका कर्मचाऱ्याचा वार्षिक खर्च ३ लाख डॉलर धरला तरी १२ हजारांचा खर्च होतो ३.६ अब्ज. ७० अब्जांत तो एकोणीस वर्षे निघाला असता. यावर ‘काम नसेल तर पैसा असून काय उपयोग’ हे उत्तर ठीक आहे, पण ते फक्त संख्या का घटावी हे सांगते. एका रात्रीत का घटावी, हे त्यातून कळत नाही. गळती वर्षाला अवघी ७ टक्के धरली तरी १,९०,२३४ मधून १३ हजारांहून अधिक जण आपणहून गेले असते. वर्षभर भरती बंद ठेवली असती तर तेवढाच परिणाम साधला असता, आणि कपातीच्या भरपाईसाठी अंदाजलेले १.९ ते २.३ अब्ज डॉलरही वाचले असते.

व्यवस्थापनाचे यावरचे उत्तर मी टाकाऊ मानत नाही. गळतीत कोण जाईल हे आपल्या हाती नसते, ज्यांना बाहेर मागणी आहे ते आधी जातात, आणि रिकाम्या जागा नको तिथे पडतात. बरोबर. पण याच कंपन्या आपल्या अंतर्गत बदल्यांच्या सोयीची एरवी जाहिरात करतात. शिवाय वेळेकडे पाहा. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुंतवणूकदार ब्रॅड गर्स्टनर यांनी मेटाला उघड पत्र लिहून २० टक्के मनुष्यबळ कमी करण्याची मागणी केली. नोव्हेंबरमध्ये टीसीआय या फंडाने अल्फाबेटला तशाच अर्थाचे पत्र लिहिले. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जेफ्री फेफर यांनी तेव्हाच म्हटले होते की ही कपात बव्हंशी एकमेकांचे पाहून चालली आहे. जादा भरती खरी होती. पण तिच्यावरचा इलाज म्हणून कपात निवडली गेली ती शेअर बाजाराकडे बघून.

दुसरा मुद्दा माणसांचा, आणि तो अधिक खोल आहे. जादा भरती झाली ती जागांची, गेली ती माणसे. २०२१ मध्ये आलेल्यांनाच २०२३ मध्ये काढले असते तर ‘भरती दुरुस्त केली’ हे वाक्य निदान तर्काला धरून झाले असते. तसे झाले नाही. दहा-पंधरा वर्षे नोकरी केलेले लोकही अल्फाबेटच्या यादीत होते. अख्खे विभाग उचलले की सुक्याबरोबर ओलेही जळते. एच-१बी व्हिसावरच्या माणसाला नोकरी संपल्यापासून ६० दिवसांत नवी नोकरी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा किंवा देश सोडायचा. त्याला ‘कंपनी अजूनही २०१९च्या दीडपट आहे’ हे ऐकवून काय मिळणार? समग्र आकडा उद्योगाची प्रकृती सांगतो, चुकीची किंमत कुणी मोजली हे सांगत नाही. झूमचे एरिक युआन यांनी पुढच्या वर्षाच्या पगारात ९८ टक्के कपात घेतली, ती अपवाद म्हणूनच लक्षात राहिली. झुकरबर्ग यांनी जबाबदारी स्वीकारली म्हणजे नेमके काय केले? मेटातली भागधारकांची निम्म्याहून जास्त मते त्यांच्याच हाती आहेत. त्यांना जाब विचारील असे संचालक मंडळ तिथे असूच शकत नाही.

तिसरा मुद्दा कराचा. काही जाणकार सगळे खापर अमेरिकेच्या करकायद्यातील कलम १७४ वर फोडतात. २०१७च्या कायद्याने ठरवले की २०२२ पासून संशोधन आणि विकासाचा खर्च, आणि सॉफ्टवेअर लिहिण्याचा खर्च त्यातच, त्याच वर्षी वजा करता येणार नाही. देशातला खर्च पाच वर्षांत वाटायचा, परदेशातला पंधरा. पहिले वर्ष अर्धेच धरायचे, म्हणून देशातल्या खर्चापैकी त्या वर्षी फक्त १० टक्के वजा. समजा, कंपनीचे उत्पन्न १० लाख डॉलर आणि इंजिनिअरांचे पगारही १० लाख. हातात नफा शून्य. पण वजावट फक्त १ लाखाची, म्हणून करपात्र नफा ९ लाख आणि २१ टक्क्यांनी कर १,८९,०००. जवळ नसलेल्या पैशावर कर! छोट्या कंपन्यांची यात खरोखर कोंडी झाली. पण ज्यांच्या कपातींवर वाद पेटला त्या बड्या कंपन्यांकडे रोकड मुबलक होती, आणि पाच वर्षांत ही वजावट बरीचशी भरून येते. शिवाय जुलै २०२५ मध्ये देशांतर्गत खर्चासाठी जुनी सवलत परत आली. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने सुमारे ९ हजार जणांची कपात जाहीर केली. कलम १७४ हे खरे कारण असते तर निदान वेळ तरी जुळायला हवी होती.

इतिहासात या दोन्ही आरोळ्यांसाठी उदाहरणे आहेत. बोइंगने १९६०च्या दशकात सिएटल परिसरात सुमारे एक लाख माणसे जमवली. जम्बो ७४७ची उभारणी चालू होती, स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, प्रवासी विमानासाठी सरकारी पैसा येत होता. पुढे विमान कंपन्यांच्या ऑर्डरी आटल्या, मार्च १९७१ मध्ये सिनेटने स्वनातीत विमानाचा निधी बंद केला, आणि त्या वर्षी बोइंगचे तिथले मनुष्यबळ ४० हजारांच्या आत आले. ‘सिएटल सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवून जावे’ असा फलक तेव्हाच लागला. लावणारे घरांचे व्यवहार करणारे दलाल होते, आणि त्यांनी तो लावला होता निराशावाद्यांची टर उडवायला. दशक संपता संपता ऑर्डरी परतल्या, भरतीही परतली. दुसरे उदाहरण आयबीएमचे. १९८०च्या दशकाच्या मध्याला चार लाखांवर कर्मचारी, आणि माणूस काढायचा नाही ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. १९९३ मध्ये सुमारे ८ अब्ज डॉलरचा तोटा झाला, आणि १९९४च्या अखेरीस २ लाख २० हजारांच्या आसपास माणसे उरली. आयबीएमची माणसे एका तेजीत जादा भरलेली नव्हती. मेनफ्रेमचा, म्हणजे मोठ्या मध्यवर्ती संगणकांचा, धंदाच पायाखालून सरकला होता, आणि त्या नोकऱ्या त्याच रूपात कधी परतल्या नाहीत.

२०२२-२३ची लाट बोइंगच्या जातीची होती. चुकलेला अंदाज, महागलेला पैसा, थांबलेली गळती, आणि मग उशिराने, घाईघाईने केलेली दुरुस्ती. मेटाची संख्या २०२४च्या अखेरीस पुन्हा ७४,०६७ झाली, यातही तेच दिसते. पण २०२५च्या कपातींनाही ‘कोरोनाकाळातील जादा भरतीचे परिणाम’ म्हणणारे लेख येतात तेव्हा हिशेब बसत नाही. वर्षाला १५ टक्के गळती धरली तर २०२१ मध्ये घेतलेल्या शंभरांपैकी चार वर्षांनी ५२ उरतात, आणि एव्हाना २०२३ची कपातही होऊन गेली आहे. इतक्या अवधीनंतर कुणी जादा भरतीकडे बोट दाखवत असेल तर तो एक तर जुने कारण वापरतो आहे किंवा दुसऱ्यांदा तीच चूक केल्याचे सांगतो आहे.

मग यंत्रांनी नोकऱ्या गिळल्या का? ॲमेझॉनचे अँडी जेसी यांनी जून २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांना लिहिले की येत्या काही वर्षांत एआयमुळे कार्यालयीन मनुष्यबळ कमी होईल. ऑक्टोबरमध्ये १४ हजारांची कपात झाल्यावर तेच म्हणाले की ही कपात पैशामुळे नाही आणि सध्या तरी एआयमुळेही नाही, व्यवस्थापनाचे थर वाढल्याने कंपनीचा वेग मंदावला होता. दोन्ही विधाने एकाच माणसाची. माझा अंदाज असा की एआयने आज माणसाच्या कामापेक्षा त्याच्या वाट्याचे अंदाजपत्रक जास्त घेतले आहे. अल्फाबेटचा भांडवली खर्च २०२२ मध्ये सुमारे ३१ अब्ज डॉलर होता, २०२४ मध्ये ५२ अब्ज झाला. मायक्रोसॉफ्टने जून २०२५ला संपलेल्या वर्षासाठी एआयच्या डेटा सेंटरांवर ८० अब्जांचा बेत सांगितला. त्याच वर्षाच्या मे महिन्यात तिने सुमारे ६ हजार जणांची कपात जाहीर केली, पण जून २०२४ आणि जून २०२५ या दोन्ही अखेरींची संख्या सारखीच आहे: २,२८,०००. एका दाराने माणसे गेली, दुसऱ्याने आली, आणि आलेली बहुधा वेगळ्या कामाची. हे बोइंगसारखे नाही, आयबीएमसारखे आहे असेही छातीठोक म्हणता येत नाही, कारण आयबीएम तोट्यात होती आणि या कंपन्या विक्रमी नफ्यात आहेत.

हे नक्की ठरवता येत नाही याचे कारण साधे आहे: लागणारे आकडे कंपन्या देतच नाहीत. अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०२० मध्ये नियम बदलून मनुष्यबळाची माहिती देणे सक्तीचे केले, पण वर्षअखेरच्या संख्येपलीकडे काय सांगायचे हे कंपनीवर सोडले. वर्षात किती घेतले, किती आपणहून गेले, किती काढले, ही फोड बहुतेक अहवालांत नसते. दोन लाखांची कंपनी दोन लाखांचीच राहिली तर आत दोन हजारांची उलथापालथ झाली की चाळीस हजारांची, हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मोठ्या कपातीआधी ६० दिवसांची नोटीस बंधनकारक करणारा वॉर्न कायदा १९८८चा आहे. न्यूयॉर्क राज्याने मार्च २०२५ पासून त्या नोटिशीच्या अर्जात एक चौकट वाढवली: कपातीमागे स्वयंचलन आहे का? तिच्या खाली आणखी एक चौकट हवी. गेल्या २४ महिन्यांत याच विभागात किती माणसे घेतली, मागणीच्या कोणत्या अंदाजावर घेतली, आणि त्या अंदाजावर सही कोणाची होती?